कसारा चढताना इनटेकची हवा ७९ डिग्री: इंटरकूलर बदलू का?

पिंपळगाव_लोडिंग

राम राम मंडळी. गाडी सहा टायरी, २०१८ चं मॉडेल, बीएस फोर, कॉमन रेल, टर्बो इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जायच्या आधी गार करणारी समोरची जाळी). लाइन नेहमीची. पिंपळगावहून टोमॅटो नाहीतर कांदा भरून वाशी, येताना भिवंडीच्या गोडाउनमधून अंबड-सातपूरसाठी जो माल मिळेल तो. म्हणजे घाट उतरताना भाजी आणि चढताना लोखंड, असा आमचा उलटा हिशेब.

गेल्या उन्हाळ्यापासून कसारा घाटात गाडी ओढत नाही. ज्या वळणावरून आधी तिसऱ्यात निघायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. काळा धूरही वाढलाय. एअर फिल्टर नवा, डिझेल फिल्टर नवा. टर्बोची शाफ्ट हाताने हलवून बघितली, खेळ नाही. एव्हरेज पडलंय, पण ते किती पडलं ते सांगत नाही, घरचे पण हे वाचतात.

भाच्याने एक ब्लूटूथ डोंगल आणून दिलं, ते डॅशखालच्या सॉकेटला लावलं. मोबाइलवर इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळीचं, तापमान दिसतं. घोटी ते वाडीवऱ्हे सपाटीला ५२-५४ असतं. घाटात लोड घेऊन चढताना ७९ पर्यंत जातं. त्या वेळी बाहेर ३६ होतं. प्रेशर २१५ दाखवतं. पाण्याचा काटा मात्र मध्यावरच, त्याची काही तक्रार नाही.

नाशिकला द्वारका चौकाजवळ एका दुकानात दाखवलं. तो म्हणाला, जाळी आतून चोक झालीय, नवा इंटरकूलर टाका. किंमत ऐकून मी चहा न घेताच निघालो.

प्रश्न असा की ७९ जास्त आहे का? आणि इंटरकूलर खरंच गेलाय हे पैसे घालायच्या आधी कळायचं कसं? केबिनमध्ये कायमचा मीटर बसवायचाही विचार आहे. कुठला बसवू तेही सांगा.

हो, एक राहिलं. मागच्या वर्षी केबिनला बाहेरून एसी बसवून घेतलाय. ड्रायव्हर खूश आहे, एवढा एक माणूस तरी या गाडीवर खूश आहे.


वाशी_लाइन

भाऊ, एवढं डोकं लावायचं नाही. लतीफवाडीच्या आसपास गाडी बाजूला घ्यायची, क्लीनरला पाइप द्यायचा, समोरून इंटरकूलरवर पाणी मारायचं. वरपर्यंत मक्खन चढते. आम्ही सगळे हेच करतो.


आडगाव_फिटर

वाशीवाले, पाणी मारून गाडी चढते हे खरं आहे, पण जाळी ओली आहे तोवरच. दोन वळणं गेली की पुन्हा तेच. आणि ते पाणी बोअरचं असतं. सुकलं की पाती पांढरी होतात, क्षार बसतो. वर्षभर हे केलं की बाहेरूनच जाळी बुजते आणि मग माझ्याकडे येऊन विचारायचं, फिटर, इंटरकूलर गरम का होतो.

आता पिंपळगाववाले भाऊ. आधी त्या दुकानदाराला नमस्कार सांगून ठेवा आणि खिशातला हात खिशातच ठेवा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून इंटरकूलर खराब आहे असं कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. का, ते सांगतो. जरा लांबेल.

७९ हा आकडा एकटा काही बोलत नाही. इंटरकूलर हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, तिच्या जवळ आणू शकतो इतकंच. म्हणून नेहमी फरक बघायचा. तुमचा फरक सपाटीला किती ते कळत नाही, कारण तिथलं बाहेरचं तापमान तुम्ही लिहिलं नाही. घाटात ३६ आणि ७९, म्हणजे ४३ चा फरक. निरोगी गाडीला भर लोडवर वीस ते तीसच्या दरम्यान फरक मी धरतो. घाटात वेग कमी, समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर, म्हणून थोडी सूट देऊ. तरी ४३ जास्तच आहे. तेव्हा तक्रार खरी. पण आरोपी कोण, हे अजून ठरलेलं नाही.

टर्बो नेमकं काय करतो ते बघा. बाहेरची हवा ४० डिग्री धरा. तिला दाबून वातावरणाच्या अडीच पट केली, टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा साधारण १७५ डिग्रीला पोचते. दाबल्यामुळेच तापते, त्यात टर्बोचा काही दोष नाही. ही १७५ ची हवा इंटरकूलरमधून जाऊन ६० झाली, तर जास्तीत जास्त जे १३५ डिग्री उतरवता आले असते त्यातले ११५ उतरवले, म्हणजे पंच्याऐंशी टक्के. चांगल्या स्थितीतला ट्रकचा इंटरकूलर इतकं करतो. हा हिशेब करायला तीन तापमानं लागतात. इंटरकूलरमध्ये शिरणारी हवा, त्यातून निघणारी हवा, आणि त्याच्या जाळीसमोरची हवा. तुमच्याकडे या तीनपैकी एकही नाही.

तुम्ही म्हणाल, निघणारी हवा आहे की, ७९. नाही. तो आकडा मॅनिफोल्डवरच्या सेन्सरचा आहे. इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंत येताना हवेला वाटेत कोण भेटतं? ईजीआर. तुमच्या गाडीला ईजीआर असेल, आणि बीएस फोरच्या बऱ्याच गाड्यांना आहे, तर एक्झॉस्टचा थोडा धूर फिरवून तिथेच हवेत सोडला जातो. सेन्सर त्या मिसळीच्या पुढे बसलेला असेल तर तो मिसळीचं तापमान दाखवतो. भर लोडला ईजीआरचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. काजळी बसून तो किंचित उघडा राहिला की गरम धूर आत येतच राहतो, मॅनिफोल्ड तापतं, काळा धूर निघतो, गाडी ओढत नाही. बिचारा इंटरकूलर आपलं काम करत उभा असतो आणि बदली त्याची होते. माझ्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला असे निर्दोष सुटलेले इंटरकूलर टेकवून ठेवलेत.

दुसरी गोष्ट, तुमचं २१५. ते बहुतेक निरपेक्ष दाबाचं किलोपास्कलमधलं माप आहे. त्यातून वातावरणाचा दाब वजा करायचा. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत, नाशिकला आणि घाटमाथ्यावर तो दाब साधारण ९५. म्हणजे २१५ वजा ९५, १२०. टर्बोने भरलेला हा जादा दाब म्हणजे बूस्ट, १.२ बार. तुमच्या इंजिनाला भर लोडला किती हवा ते कंपनीच्या पुस्तकात बघा. या वर्गातल्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात त्या १.४ च्या पुढे असतात. तुमचा कमी वाटतो. ईजीआर उघडा असेल तर तेही जुळतं, कारण जो धूर टर्बोच्या चाकाला फिरवायला जायचा तो मधूनच पळवला जातो. पण पाइप नाहीतर इंटरकूलर गळत असेल तरीही बूस्ट कमी येतो. म्हणून उडी मारायची नाही.

गरम हवेने नुकसान किती, तेही सांगून टाकतो, कारण पुष्कळ ड्रायव्हर म्हणतात की दहा-वीस डिग्रीने काय होतं. दाब तोच असेल तर दर दहा डिग्रीला साधारण तीन टक्के हवा कमी भरते. ५५ च्या जागी ७९ म्हणजे सात टक्के हवा गेली. डिझेल तेवढंच पडतंय, हवा कमी, म्हणजे धूर. आणि एक्झॉस्टचं तापमान, इनटेक जेवढं चढलं तेवढं किंवा त्याहून जास्त चढतं. पाण्याचा काटा हे तुम्हाला सांगणार नाही. तो मध्यावर असतो आणि टर्बोचं चाक मात्र तापत असतं.

तर आता करायचं काय. पैसे न लागणारी कामं आधी.

गाडीच्या समोर उभे राहा आणि हवा जायची वाट बघा. पाटी, तोरण, जादा हॉर्न, एलईडीची पट्टी, त्यामागे मच्छरांची जाळी. देवीच्या पाटीला माझी काही हरकत नाही, सप्तशृंगीला मीही जातो, पण पाटी बंपरवर लावा, ग्रिलवर नको. त्यातून तुम्ही कांद्याची गाडी. लासलगाव, पिंपळगावच्या यार्डात गाडी उभी राहिली की कांद्याचा पापुद्रा उडून ग्रिलमधून आत जातो आणि इंटरकूलरच्या पात्यांवर चिकटतो. पाऊस पडला की लगदा होतो. वरून बघितलं तर काही दिसत नाही, कारण तुमच्या गाडीत आता इंटरकूलरसमोर एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आहे आणि कचरा दोघांच्या मधल्या फटीत बसतो. कंडेन्सरचे बोल्ट सोडून तो पुढे घ्या आणि बॅटरी मारून बघा.

साफ करायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे. कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत काढायचा. पाणी साधं, दाब हलका. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळून मारली की पाती आडवी होतात आणि मग हवा कायमचीच बंद.

बाजूचे रबर आणि फोम बघा. इंटरकूलर, रेडिएटर आणि चेसिस यांच्यामध्ये पट्ट्या असतात. गाडी एकदा ठोकली गेली की पहिल्यांदा त्या गायब होतात आणि पुन्हा कुणी लावत नाही. पट्टी नसली की पंख्याने मागे फेकलेली गरम हवा कडेने फिरून पुन्हा पुढे येते. पंख्याभोवतीचं कव्हर फुटलं असेल तर तोच प्रकार. विस्कस पंखा असेल तर इंजिन तापल्यावर तो जोराने धरतो का ते कानाने कळतं. घाटात पंख्याचा घोंगाट आलाच नाही तर तिथेच उत्तर आहे.

मग मीटर. पुढच्या वेळी येताना तीन आकडे घ्या. एक, इंटरकूलरमधून इंजिनाकडे जाणाऱ्या धातूच्या पाइपचं. दोन, कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधल्या हवेचं. तीन, बाहेरची हवा. पाइपला लगेच भोक पाडू नका. साध्या डिजिटल थर्मामीटरची वायर पाइपला बाहेरून टेपने घट्ट बांधा, वरून फोम गुंडाळा. दोन-तीन डिग्री कमी दाखवेल आणि आकडा हळू चढेल, पण घाटात गाडी तेवढा वेळ चढणीवर असतेच. टर्बोच्या लगेच पुढच्या पाइपला मात्र असली वायर बांधू नका, तिथे दीडशेच्या वर जातं आणि साधा सेन्सर वितळतो. तिथे थर्मोकपल लागतो, के टाइप म्हणून मागा. आत्ता त्याची गरज नाही.

बाकीच्यांसाठी एक सूचना, कारण हे वाचून डोंगल घ्यायला पळाल. गाडी २४ व्होल्टची असेल तर बारा व्होल्टच्या कारचं स्वस्त डोंगल लावायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि मोठ्या गाड्यांची भाषा जे १९३९ असते, ती प्रत्येक डोंगलला येत नाही. त्यात इनटेकच्या तापमानाला एसपीएन १०५ म्हणतात, बूस्टला १०२. ॲपमध्ये हे नंबर दिसले तर तुमचं डोंगल कामाचं.


मस्कत_निफाड

फिटरकाका, मूळ निफाडचा, सध्या मस्कतला नोकरी. माझ्याकडे जुनी अमेरिकन पिकअप आहे, पेट्रोल, सुपरचार्जरवाली. इथे जूनमध्ये ४५ च्या वर पारा, त्यामुळे इनटेकचं तापमान हा माझा रोजचा पेपर आहे. म्हणून दोन शब्द.

सुपरचार्जर टर्बोसारखी हवाच दाबतो, पण इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, एक्झॉस्टवर नाही. माझ्या गाडीत इंटरकूलर समोर नाही, इंजिनाच्या वरच सुपरचार्जरखाली बसवलाय आणि तो पाण्याचा आहे. त्या पाण्याचं सर्किट वेगळं. छोटा इलेक्ट्रिक पंप, समोर एक छोटा रेडिएटर, वेगळी टाकी. तापमान वाढलं की कॉम्प्युटर इग्निशन, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे घेतो, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) होऊ नये म्हणून, आणि गाडी मरगळते. चालत्या गाडीत सगळं छान. खरी पंचाईत सिग्नलला आणि पार्किंगमधून निघताना, कारण खालून इंजिनाची धग त्या इंटरकूलरला लागत राहते.

माझा धडा एकच. दोन सेन्सर ठेवा, एक हवेचा आणि एक त्या पाण्याचा. हवा गरम आणि पाणी गार असेल तर पाणी फिरत नाहीये. पंप बंद, नाहीतर सर्किटमध्ये हवा अडकलीय. दोन्ही गरम असतील तर समोरचा रेडिएटर कमी पडतोय. एका सेन्सरवर हे कधीच कळलं नसतं. पिंपळगाववाल्यांचं यंत्र वेगळं, पण काका म्हणतात ते पटलं.


वाशी_लाइन

डिझेल ट्रकला सुपरचार्जर असतो का पण?


आडगाव_फिटर

आपल्याकडे रस्त्यावर टर्बोच. पण अमेरिकेत दोन स्ट्रोकची डिझेल इंजिनं होती, ७१ सिरीजची, १९३८ पासूनची. त्यांना ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरसारखाच पंप, असल्याशिवाय इंजिन चालूच शकत नव्हतं, कारण जळालेला धूर ढकलून बाहेर काढायला तोच लागायचा. बूस्ट वाढवायला म्हणून नव्हता तो.

मस्कतवाल्यांनी बरोबर सांगितलं. फरक एवढाच की डिझेलला मागे घ्यायला स्पार्क नाही. इथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एका मर्यादेनंतर डिझेलच कापतो. ती मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी. पण त्याच्या कितीतरी आधी गाडी धूर काढून सांगत असते.


पिंपळगाव_लोडिंग

काका, आकडे आणलेत.

आधी समोरचं. कंडेन्सर पुढे घेतला, तुम्ही म्हणालात तसंच, मध्ये कांद्याचा पापुद्रा, पोत्याचे धागे आणि एक अख्खं निमंत्रण कार्ड. ड्रायव्हरने त्यापुढे हिरवी शेडनेट बांधली होती, कचरा आत जाऊ नये म्हणून. द्राक्षाच्या बागेतली. ती काढली. उजव्या बाजूचा फोम नव्हताच, तो नवीन कापून बसवला. पंखा धरतो, आवाज येतो.

हे सगळं करून भिवंडीहून पत्र्याची कॉइल भरून आलो. घाटात भर लोडवर, दुपारी:

बाहेर ३६. इंटरकूलरच्या समोर, एसी चालू असताना ४४, बंद केल्यावर ३८. इंटरकूलरनंतरच्या पाइपवर एसी चालू असताना ६१, बंद असताना ५६. मोबाइलवर मॅनिफोल्ड एसी चालू ७७, बंद ७२. बूस्ट तोच, २१५ ते २१८.

आता माझं डोकं चालेना. इंटरकूलरनंतर ६१ आणि एक-दीड हात पुढे मॅनिफोल्डला ७७?


आडगाव_फिटर

डोकं चालतंय, तुम्हीच उत्तर लिहिलंय.

तुमचा इंटरकूलर समोर ४४ ची हवा घेऊन आतली ६१ वर आणतोय. बाहेरून बांधलेल्या सेन्सरची चूक धरून ६४ म्हणा. वीसचा फरक. या इंटरकूलरला कोण गेला म्हणतं त्याला माझ्याकडे पाठवा, चहा मी पाजतो.

एसीने सहा डिग्री वाढवलं, ते कंडेन्सरचं काम आहे. केबिनची उष्णता तो इंटरकूलरच्या तोंडावर सोडतो. ड्रायव्हरचा एसी काढा असं मी सांगणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांना तर कायद्यानेच एसी केबिन आहे, आणि ४० डिग्रीत इंजिनाशेजारी बसणाऱ्याला त्याची किंमत विचारा. पण त्या गाड्यांमध्ये पंखा आणि जाळ्या तो हिशेब धरून बसवलेल्या असतात, तुमच्या जोडणीत नाहीत. घाटाच्या चढापुरता एसी बंद केला तर पाच डिग्री फुकट मिळतात. नाहीतर कंडेन्सर छतावर न्यायची सोय बघा, स्वतःचा पंखा असलेला मिळतो.

पण पाइपवर ६१ आणि मॅनिफोल्डला ७७, हे सोळा डिग्री वाटेत कुठून आले? पाइपच्या भिंतीतून इतकं शिरत नाही. सेन्सर खोटा बोलतोय का तेही तपासून घ्या. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी फक्त चावी फिरवून बघा. मॅनिफोल्ड आणि बाहेरची हवा यांचा आकडा सारखा आला पाहिजे, दोन-तीनच्या आत. तसा आला तर सेन्सर प्रामाणिक.

मग ईजीआर. नुसता अंदाज करून बघा. समजा शंभरातले बारा भाग धूर शिरतोय, तो धूर गार करणारा ईजीआरचा कूलर काजळीने भरलेला म्हणून धूर २०० डिग्रीचा. बारा भाग २०० चे आणि अठ्ठ्याऐंशी भाग ६१ चे. मिसळ होते ७७-७८. तुमचा आकडा हाच आहे.

चांगल्या स्कॅनरवर ईजीआरचे दोन आकडे दिसतात. ईसीयूने सांगितलेली स्थिती आणि व्हॉल्व्हची खरी स्थिती. घाटात भर लोडला सांगितलेली शून्य आणि खरी दहा-बारा असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय.

इंटरकूलरची एक दाब-चाचणी मात्र करूनच टाका, बूस्ट कमी आहे म्हणून. दोन्ही तोंडांना बूच, एका बुचाला व्हॉल्व्ह आणि घड्याळ, दोन बार हवा भरायची, कॉम्प्रेसर तोडायचा आणि घड्याळ बघायचं. पंधरा सेकंदांत साधारण अर्धा बार उतरला तरी चालतं, ॲल्युमिनियमच्या कूलरला थोडी गळती मान्य असते. त्याहून जास्त उतरली तर साबणाचं पाणी लावून जागा शोधायची. बूच साखळीने बांधल्याशिवाय हवा भरू देऊ नका कुणाला. ते सुटलं की गोळीसारखं जातं.


वाशी_लाइन

ईजीआरची वाट पत्र्याची पट्टी मारून बंदच करून टाका ना. दहा मिनिटांचं काम. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या गाड्यांना मारलेली आहे.


आडगाव_फिटर

मारलेली आहे आणि त्यातल्या निम्म्यांचा चेक लाइट पेटलेला आहे. ईसीयूला कळतं की धूर येत नाहीये, तो पॉवर कापतो, मग पट्टीवाला सांगतो आता सॉफ्टवेअर मारा. पैसे तिकडेही जातातच. शिवाय ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला दिलाय, तो बंद केला की ती घाण आपणच द्वारकेच्या सिग्नलला उभं राहून खातो. मी पट्टी मारत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.


पिंपळगाव_लोडिंग

काका, सकाळी चावी फिरवून बघितलं. बाहेर २४, मॅनिफोल्ड २५. सेन्सर प्रामाणिक.

आडगाव टर्मिनलजवळ एकाकडे मोठा स्कॅनर आहे, तो घेऊन अंबडपासून घोटीपर्यंत लोडची गाडी पळवली. भर लोडला सांगितलेली शून्य, खरी १४. व्हॉल्व्ह काढला. काजळीचा थर असा की सीटवर झाकण बसतच नव्हतं. साफ करून बसवला आहे. ईजीआरचा कूलरपण उघडला, त्यात पाणी गळत नाही, पण अर्ध्या नळ्या बुजलेल्या होत्या. तो सोल्यूशनमध्ये भिजत ठेवलाय, उद्या बसेल. इंटरकूलरची चाचणी पण केली, पंधरा सेकंदांत दोनवरून पावणेदोन. टर्बोकडच्या होजचा एक क्लँप मात्र सैल निघाला, तिथे तेलकट काळं पडलं होतं. तो बदलला.

आता दोन शंका. इंटरकूलरच्या पाइपमध्ये आतून तेलाचा थर आहे, बोटाला लागतं. टर्बो जातोय का? आणि कायमचा मीटर बसवला तर अलार्म किती डिग्रीला लावू?


आडगाव_फिटर

बोटाला लागण्याइतकं तेल बहुतेक गाड्यांत असतं, ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीच्या, वाटेने येतं. इंटरकूलर काढून उलटा केल्यावर कपभर तेल पडलं तर मग टर्बोच्या सीलची चौकशी. इंटरकूलर काढलाच आहे तर आतून धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. थेंबभर सॉल्व्हंट आत राहिला तर तो इंजिन पिणार आहे.

मीटर. इंटरकूलरनंतरच्या पाइपला कायमचा सेन्सर लावायचा तर पाइप गाडीवरून काढून, बाहेर नेऊन बॉस, म्हणजे सेन्सर बसवायची आट्यांची जागा, वेल्ड करून घ्या. गाडीवरच ड्रिल मारलं तर त्याचा कीस सरळ इंजिनात. त्याच्या जोडीला दुसरा सेन्सर बंपरच्या आत, सावलीत, कुठल्याही धातूला न चिकटता. दोन रकान्यांचा मीटर मिळतो, तोच घ्या.

अलार्म एका आकड्यावर लावू नका. तो डिसेंबरमध्ये कधीच वाजणार नाही आणि मे महिन्यात बंदच होणार नाही. फरकावर लावणारा मीटर मिळाला तर पस्तीसला लावा. नाही मिळाला तर ड्रायव्हरला सांगून ठेवा, चढावर दोन आकड्यांत तीसच्या वर फरक दिसला आणि सपाटीला आल्यावर पाच-दहा मिनिटांत तो उतरला नाही, तर मला फोन. ढाब्यावर गाडी चालू ठेवून जेवायला गेला आणि परत येऊन आकडा वर दिसला तर घाबरायचं नाही. उभ्या गाडीत सगळंच तापतं, चालायला लागली की खाली येतं. घाटात पुढच्या ट्रकच्या अगदी मागे लागून चढलं तरी वाढतो, कारण त्याचा धूर आपण ओढतो. थोडं अंतर ठेवायचं.

आणि हे सगळं पावसाळ्याआधी एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. इगतपुरीला पाऊस लागला की सगळेच आकडे खाली येतात आणि प्रत्येकाला वाटतं, गाडी सुधारली.


पिंपळगाव_लोडिंग

लिहिलंय. ईजीआरचा कूलर बसवून झाला की भिवंडीचा पुढचा माल घेऊन येतो, मग आकडे टाकतो. आमण्याहून समृद्धीने यायचा पण विचार होता, चढ तिकडे सौम्य आहे. पण टोल वाचवून यावेळी मुद्दाम घाटानेच येतो, नाहीतर काही कळायचं नाही.


आडगाव_फिटर

घाटानेच या. आणि एसी चालू ठेवून या, म्हणजे जुन्या आकड्यांशी तुलना करता येईल.


वाशी_लाइन

आमच्या गाडीची पण पाटी ग्रिलवरच आहे. काका, बंपरवर लावली तर मालक ऐकेल का नाही माहीत नाही, पण विचारतो.


पिंपळगाव_लोडिंग

आलो. बाहेर ३७, पाइपवर ६२, मॅनिफोल्ड ६६. बूस्ट २३८. तिसऱ्यात निघाली. धूर किरकोळ.


आडगाव_फिटर

२३८ वजा ९५, १.४३. बरोबर आहे. पाइपपासून मॅनिफोल्डपर्यंत चार डिग्री वाढतात ते राहू द्या, बाहेरून बांधलेल्या सेन्सरचेच आहेत ते. आता दर ऑइल बदलीला कंडेन्सर पुढे घेऊन मधली फट बघत जा, कांद्याच्या सीझनला त्याच्याही आधी.